डिझेल पिकअप घ्यायची आणि सांभाळायची: सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

मार्केट यार्डात, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सअपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी टाकलेत. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे नंबर दिलाय, तो बघा. एक आत्ताच सांगतो, निम्म्या प्रश्नांचं उत्तर आरसीवरच्या दोन आकड्यात असतं, लदान वजन (मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन) आणि रिकामं वजन. शोरूमला जाताना तेच दोन आकडे आधी विचारा, रंग नंतर.

१. छोटा हत्ती घेऊ का पिकअप? दोन्ही मालच वाहतात की.

वाहतात, पण किती आणि किती लांब हा प्रश्न आहे. पाऊण टनाच्या आत माल आणि फिरणं शहरातच, म्हणजे चाटी गल्लीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे उचलायचे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत टाकायचे, एवढंच असेल तर छोटा हत्ती बास. पिकअप घ्यायची ती एक ते दोन टन माल रोज असेल तेव्हा, किंवा पुणे, लातूर, विजापूर अशी हायवेची भाडी असतील तेव्हा. छोट्या गाडीत जास्त कोंबून हायवेला पळवणारे वर्षाच्या आत क्लच आणि पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलत बसतात. आणि उलटं पण होतं बरं का, महिन्यातून चार दिवस दीड टन माल असतो म्हणून मोठी गाडी घेतात आणि बाकीचे सव्वीस दिवस रिकामा हौदा फिरवतात. त्या चार दिवसांना भाड्याने गाडी सांगा, परवडतं.

२. महिंद्रा, टाटा, लेलँड, इसुझु... कुठली घ्यावी, एक नाव सांगा.

एक नाव सांगून भांडण लावत नाही, पण फरक सांगतो. बोलेरो पिकअपला अडीच लिटरचं चार सिलिंडर इंजिन आहे, नाक लांब आहे, आणि मोहोळ, मंगळवेढा, सांगोला कुठल्याही गावात तिचं काम येणारा मिस्त्री आणि पार्ट सापडतो, जुनी विकताना गिऱ्हाईक पण पटकन मिळतं. टाटा योद्धा त्याच पठडीतली, २.२ लिटरची, खडबडीत रस्त्याला चांगली. टाटा इंट्रा आणि लेलँडचा दोस्त या दीड लिटरच्या आहेत, नाक आखूड असल्याने मधला मारुती किंवा नव्या पेठेच्या गर्दीत वळवायला सोप्या, डिझेल पण कमी पितात. इसुझु डी-मॅक्स चालवायला छान आहे, पण घ्यायच्या आधी तुमच्यापासून सर्व्हिस किती लांब पडते ते बघा.

माझं मत विचाराल तर ग्रामीण भागातला जड माल असेल तर मोठं इंजिन, शहर आणि चकाचक हायवे असेल तर दीड लिटर. बाकी तुमच्या गल्लीतला मिस्त्री काय म्हणतो ते ऐका, रात्री अकराला बोनेट उघडायला तोच येणार आहे.

एसी विचारतात बरेच जण. २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झाली ती साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकना, पिकअपला नाही, म्हणून स्वस्तातल्या मॉडेलला एसी नसतो. एप्रिल-मेमधे सोलापूर ४३-४४ ला जातं तेव्हा ड्रायव्हर दुपारी गाडी सावलीला लावून झोपतो, त्याचं भाडं धरलं तर एसीचे पैसे निघतात.

३. डिझेलच का? सीएनजी स्वस्त पडतोय म्हणतात.

रोजचं फिरणं ठरलेलं असेल आणि वाटेत पंप असेल तर सीएनजी पडतो स्वस्त, नाही म्हणत नाही. पण टाक्यांचं वजन तुमच्या पासिंगमधूनच, म्हणजे कायद्याने नेता येणाऱ्या मालाच्या वजनातूनच जातं, भरलेली गाडी तुळजापूरच्या घाटाला चढताना फरक कळतो, आणि पंपावरच्या लायनीत जो तास जातो त्याचं भाडं कोणी देत नाही. महिन्याला फार किलोमीटर होत नसतील तर डिझेल-सीएनजी असा वाद घालायचंच कारण नाही, जी स्वस्तात मिळेल आणि माल नेईल ती घ्या. डिझेल घ्यायचं तर प्रश्न १० आधी वाचा, कारण नुसतं गल्लीबोळात फिरणाऱ्याला नवीन डिझेल गाडी त्रास देते.

४. दीड टन पासिंग म्हणजे कांद्याची नेमकी किती पोती?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि डिसेंबर-जानेवारीत सोलापूरला कांद्याची आवक चढली की रोजच येतो.

हिशोब असा. आरसीवर लदान वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यू लिहिलेलं असतं आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं. समजा लदान ३,४९० किलो आणि रिकामं १,७६० किलो. उरले १,७३०. आता यात ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस धरा १४० किलो, राहिले १,५९०. ताडपत्री, दोरखंड, मागे टाकलेली जादा स्टेपनी धरून अजून थोडे कमी करा. कांद्याचं पोतं ५५ किलोचं धरलं तर २८ पोती, बास. प्रत्यक्षात यार्डाच्या गेटवर उभं राहून बघा, अशाच गाडीवर ४५ पोती असतात, वर हमाल बसलेला असतो आणि मागचा पाटा उलटा वाकलेला असतो.

ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. काट्यावर न्यायला नकार दिला तर ४०,०००. म्हणजे १७ पोती जादा नेऊन जे काय मिळतं त्यात एका वेळचा दंड बसत नाही. आणि पकडलं नाही तरी ब्रेक, टायर, क्राउन-पिनियन हे सगळं ते वजन मोजत असतंच. माल उचलायच्या आधी काट्याची पावती घ्या, साठ-सत्तर रुपयांचं काम आहे. व्यापारी "होतंय की ओ मालक, टाका अजून दहा" म्हणेल, पण चलन त्याच्या नावावर फाटत नसतं.

५. साध्या कारच्या लायसनवर पिकअप चालते का? बॅज काढायला लागतोय का?

चालते. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन पुरतं, वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ ला सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पक्कं केलं. इन्शुरन्सवाला या कारणावरून क्लेम अडवत असेल तर हाच निकाल दाखवा. मात्र कायद्याने ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे अठरा झाले म्हणून पोराच्या हातात किल्ली देऊ नका.

६. घरच्या शेतीसाठीच घेणार, भाडं मारणार नाही. मग पांढरी नंबरप्लेट मिळेल का?

बोलेरो पिकअप, इंट्रा, दोस्त, योद्धा यांना नाही, त्या मालवाहू म्हणूनच पास होतात आणि पिवळी प्लेटच येते, तुम्ही स्वतःचीच डाळिंबं नेली तरी. बोलेरो कॅम्परला मागे सीट असतात म्हणून लोक फसतात, ती पण मालवाहूच. पांढऱ्या प्लेटवर मिळतात त्या इसुझु व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स असल्या महागड्या डबल केबिन, त्या पोती वाहायला कोणी घेत नाही.

७. परमिट लागतं का? शोरूमवाला नाही म्हणतो, आरटीओतला एजंट हो म्हणतो.

दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण ते गाडीवर अवलंबून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मधे ३,००० किलोपर्यंत जीव्हीडब्ल्यू असलेल्या मालगाडीला परमिटमधून सूट आहे. म्हणून तर काही मॉडेलचं वजन कंपन्या मुद्दाम तीन हजाराच्या जरासं आत बसवतात. त्याच्या वर एक किलो जरी गेलं तरी परमिट घ्यावं लागतं. सोलापूरकरांना हे जास्त नडतं कारण आपल्याला विजापूर, इंडी, गुलबर्गा ही भाडी रोजची आणि तिकडे कर्नाटक लागतं. तीन हजाराच्या वरची गाडी असेल आणि सारखं तिकडे जाणं असेल तर नॅशनल परमिट काढा, त्याची एकत्रित फी वर्षाला १६,५०० रुपये आहे. महिन्यातून एकच फेरी असेल तर तीन हजाराच्या आतलं मॉडेल घेतलेलं जास्त बरं. माल थोडा कमी बसेल, पण कागदांची कटकट कमी.

८. एक्स-शोरूम आणि ऑन रोड मधे एवढा फरक कसला?

रोड टॅक्स, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन, फास्टॅग आणि डीलरने घुसवलेल्या ॲक्सेसरी. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या बजेटात साडेसात टनांच्या आतल्या मालगाड्यांना किंमतीच्या ७ टक्के एकरकमी कर ठरला, तो मोठा आकडा तिथला. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. तुमचं दुकान किंवा कारखाना रेग्युलर जीएसटीत असेल तर गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, कारला मिळत नाही पण मालगाडीला मिळतं, त्यामुळे बिल फर्मच्या नावावर आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या. कंपोझिशनवाल्यांना (जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या स्कीममधल्यांना) हा फायदा नाही.

"हँडलिंग चार्ज" नावाची ओळ कोटेशनमधे दिसली तर आधी ती खोडायला लावा.

९. ८ टक्के व्याज म्हणाले, पण हप्ता तर जास्तच वाटतोय. असं का?

कारण ते ८ टक्के फ्लॅट असतं, म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच लागतं. आठ लाखाचं कर्ज, पाच वर्षं, ८ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३ लाख २० हजार, आणि हप्ता साधारण १८,६६७. हाच हप्ता बँकेच्या घटत्या शिल्लकीच्या पद्धतीने बघितला तर दर १४ टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणून कोणाशीही बोलताना एकच विचारा, फ्लॅट का रिड्युसिंग, आणि मुदतीआधी फेडलं तर किती कापणार. हे लेखी घ्या.

आणि हप्त्याच्या आधी भाड्याचा हिशोब करा. भरलेली पिकअप लिटरला ११-१२ देते, डिझेल नव्वदीच्या घरात, म्हणजे नुसतं डिझेलच किलोमीटरला आठ रुपये. पुण्याला माल टाकून रिकामं परत आलात तर साडेचारशे-पाचशे किलोमीटरचं डिझेल एका बाजूच्या भाड्यातून काढायचं आणि वर ड्रायव्हर, टोल. परतीचा माल ठरल्याशिवाय लांबचं भाडं घेऊ नका असं जुने लोक सांगतात ते यासाठीच.

१०. नवीन गाडी, फक्त शहरात फिरते, तरी डॅशबोर्डवर पिवळा लाइट लागतो आणि ताकद कमी होते. गाडी खराब आहे का?

गाडी बहुतेक ठीक आहे, तुमचं फिरणं तिला मानवत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाडीच्या धुराचा नवा नियम) आलं आणि सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी आली. डिझेलची काजळी त्या जाळीत साठते आणि एक्झॉस्ट पुरेसा तापला की गाडी स्वतःच ती जाळून टाकते, याला रिजनरेशन म्हणतात. आता सात रस्ता ते मार्केट यार्ड, तिथे लायनीत इंजिन चालू ठेवून तासभर, परत टिळक चौक, असं दिवसभर केलं तर एक्झॉस्ट तापतच नाही आणि जाळी भरत जाते.

उपाय फुकटचा आहे. आठवड्यातून एकदा-दोनदा गाडी पुणे रोडला नाहीतर हैदराबाद रोडला काढा आणि वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने पळवा, पाचव्या गिअरमधे रेंगाळत नाही, आरपीएम जरा चढा ठेवून. रिजनरेशन चालू असताना आयडलिंग वाढलेलं जाणवतं, पंखा जोरात फिरतो, गरम वास येतो. त्या वेळी बंद करू नका, पूर्ण होऊ द्या. दर वेळी अर्धवट तोडलं तर डिझेल इंजिन ऑइलमधे उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. तसं दिसलं तर खुश होऊ नका, ऑइल बदला.

आपल्याकडची एक खास गोष्ट, अशा तापलेल्या गाडीला शेतात कडब्यावर किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नका. खाली सायलेन्सर इतका गरम असतो की कडबा पेट घेऊ शकतो, आणि हौद्यात पण कडबाच असला तर काय होईल ते सांगायला नको.

ऑइल मॅन्युअलमधे लिहिलंय तेच, कमी राख होणारं. जुन्या बीएस-३ गाडीचं उरलेलं ऑइल यात ओतलं की जाळी कायमची बसते. आणि "डीपीएफ काढून टाका, मॅप मारून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते.

११. डीईएफ म्हणजे युरियाच ना? मग शेतातला युरिया पाण्यात कालवून चालेल का?

नाही. हसू नका, हा प्रश्न खरंच येतो. डीईएफ म्हणजे धूर स्वच्छ करायला काही डिझेल गाड्यांत वेगळ्या टाकीत ओततात ते पाणी. डीईएफमधे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं पाणी असतं, खताच्या युरियातला कचरा इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट दोन्ही खातो. सगळ्या पिकअपला डीईएफ लागत नाही, तुमच्या गाडीला निळं झाकण असेल तर लागतं. कॅन उन्हात हौद्यात टाकून फिरू नका, आपल्या उन्हाळ्यात लवकर खराब होतं. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर किल्ली फिरवायची नाही, टोइंग बोलवा, चालू केलीत तर पंप आणि इंजेक्टरचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

१२. हायवेला "बायोडिझेल" दहा-पंधरा रुपये कमी दराने मिळतं, टाकू का?

नको.

१३. बंपर, हेडलाइट, मडगार्ड फुटलं, फुल इन्शुरन्स असून कंपनीने पैसे दिले नाहीत. असं कसं?

कमर्शियल गाडीच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बोनेट, बाजूचे पत्रे, बंपर आणि रंग यांचं तुकड्यातलं नुकसान धरलेलंच नसतं, त्यासाठी आयएमटी-२३ नावाचं कलम थोडा जास्त प्रीमियम भरून घ्यावं लागतं. तेही घेतलं तरी अशा पार्टचे निम्मेच मिळतात. कारच्या पॉलिसीची सवय असलेले इथेच आपटतात. पॉलिसी हातात आली की आयएमटी-२३ शब्द शोधा, नसेल तर एजंटला फोन.

दुसरं, थर्ड पार्टीत पब्लिक कॅरियर (भाड्याचा माल) आणि प्रायव्हेट कॅरियर (स्वतःचा माल) असे दोन दर आहेत. २०२२ च्या दराने साडेसात टनांच्या आत पब्लिकला १६,०४९ आणि प्रायव्हेटला ८,५१० रुपये. स्वस्त पडतं म्हणून प्रायव्हेट लिहून घेतलं आणि भाड्याच्या मालासकट अपघात झाला तर कंपनी हात वर करायला मोकळी.

१४. आषाढीला दिंडीची माणसं, लग्नाचं वऱ्हाड, शेतातल्या बायका... हौद्यात बसवल्या तर काय होतं?

पोलिसांनी पकडलं तर जादा माणशी २०० रुपये, हा भाग किरकोळ आहे. खरा भाग अपघाताचा. मालगाडीत फुकट बसलेल्या माणसांची भरपाई इन्शुरन्स कंपनीवर येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००२ सालीच सांगितलंय, म्हणजे ती मालकावर येते, आणि एका माणसाची भरपाई सुद्धा अख्ख्या गाडीच्या किंमतीपेक्षा मोठी असू शकते.

अपवाद आहे. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस स्वतःच्या मालासोबत जात असेल, म्हणजे शेतकरी आपला कांदा घेऊन केबिनमधे बसून यार्डात येतोय, तो पॉलिसीत बसतो. हमाल आणि क्लीनर यांच्यासाठी वेगळा प्रीमियम भरता येतो, रक्कम छोटी असते, भरा. परतीच्या फेरीला माल उतरलेला असतो आणि तोच शेतकरी रिकाम्या गाडीत बसून गावी जातो, तिथे कंपनी वाद घालते. त्याला एसटीत बसवून द्या.

१५. जुनी पिकअप बघायला चाललोय, काय बघू?

बोनेट सगळ्यात शेवटी. आधी अंगावर मळके कपडे घाला आणि गाडीखाली झोपा. चेसिसवर पाट्याचे हँगर जिथे बसतात तिथे वेल्डिंगचे डाग आहेत का, आडव्या पट्टीला तडा आहे का, आणि बाकी चेसिस जुनं असताना तेवढाच भाग ताजा काळा रंगवलाय का ते बघा. ताजा रंग दिसला की नखाने खरवडा. मग पाटे मोजा, दोन्ही बाजूला सारखे आहेत का, कंपनीपेक्षा जास्त आहेत का. जास्त पाटे म्हणजे गाडीने आयुष्यभर ओव्हरलोड ओढलाय. हौद्याचा पत्रा कोपऱ्यात बोटाने दाबा. वाळू वाहिलेल्या गाडीचा पत्रा ओल्या वाळूने आतून खाल्लेला असतो आणि फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूच्या) बिजागरीत रेती अडकलेली सापडते. भीमेकाठच्या गाडीला तर हे हमखास बघा, आणि महसूलवाल्यांनी वाळूच्या केसमधे ती धरली होती का याची पण तहसीलला चौकशी करा.

सकाळी लवकर जा, मालकाला आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांगा. थंड इंजिन किती वेळात लागतं बघा. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा, भकाभका धूर येत असेल तर रिंगा गेल्यात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालवताना ॲक्सिलेटर सोडल्यावर गिअर उडतो का आणि मागून डिफरन्शियल रडतं का ते ऐका, खिडक्या खाली करून, टेप बंद करून.

कागदात फायनान्सचा बोजा, फिटनेसची तारीख, टॅक्स, ई-चलन आणि ब्लॅकलिस्ट हे पाचही वाहन पोर्टलवर नंबर टाकून तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढे एक रुपया देऊ नका. नाव बदलायचं प्रश्न १९ मधे आहे.

१६. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) किती वर्षांनी करावं लागतं?

नव्या गाडीला पहिली दोन वर्षं फिटनेस असतोच, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठनंतर दरवर्षी. आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर पण लागतो, म्हणून सात-साडेसात वर्षांच्या गाड्या बाजारात एकदम दिसायला लागतात. जिल्ह्यात एमएच १३ सोलापूर आणि एमएच ४५ अकलूज अशी दोन पासिंग आहेत, तुमचा तालुका कुठे येतो ते बघून जा.

१७. दोन पाटे वाढवून आणि फाळके उंच करून घेतले तर जास्त माल कायदेशीर होतो का?

होत नाही. पासिंग आरसीवरच्या आकड्याचं असतं, पाट्यांचं नाही. आरटीओच्या मंजुरीशिवाय असे बदल केलेत तर दंड वेगळा आणि क्लेमच्या वेळी कंपनीला कारण मिळतं. भाजीच्या क्रेटसाठी जाळी हवी असेल तर गाडी घेतानाच तशी बॉडी मंजूर करून घ्या. टायरची हवा मात्र दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे, मागे भरलेल्या गाडीची हवा कारपेक्षा बरीच जास्त असते आणि मे महिन्यात कमी हवेच्या टायरचे धमाके वरवडे टोलच्या अलीकडे-पलीकडे रोज बघायला मिळतात.

१८. फास्टॅगचा वर्षाचा पास पिकअपला चालतो का? आणि ई-वे बिल?

पास चालत नाही, तो ऑगस्ट २०२५ पासून फक्त खाजगी कार-जीप-व्हॅनला आहे, पिवळ्या प्लेटला सावळेश्वर, तामलवाडी सगळीकडे नेहमीचाच टोल.

ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) माल पाठवणाऱ्याने काढायचं असतं, पण अडवतात गाडीला. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर, राज्याबाहेर पन्नास हजाराच्या वर. चादरीचे गठ्ठे घेऊन विजापूरला निघालात तर लागेलच. ताजा कांदा, भाजी, फळं यांना लागत नाही.

१९. गाडी विकून वर्ष झालं, चलन अजून माझ्याच नावावर येतंय. मी काय करू?

नावावर तुमच्याच आहे म्हणून येतंय. स्टॅम्प पेपरवर सह्या केल्या, पैसे मिळाले, गाडी गेली, पण आरटीओच्या रेकॉर्डला मालक बदलला नाही तर कायद्याने मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला हेच सांगितलंय, मधे चार जणांनी गाडी फिरवली तरी अपघाताची जबाबदारी रजिस्टरवर नाव असलेल्याची.

आता घेणाऱ्याला गाठा आणि फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर लावा, गाडी दुसऱ्या आरटीओत गेली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी पण लागेल. घेणारा फोन उचलत नसेल तर विक्रीचा करार, पैसे आल्याचं बँक स्टेटमेंट आणि त्याचं आधार जोडून आरटीओला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, गाडीने उद्या काही केलं तर हातात तारीख असलेला कागद तरी असेल. इन्शुरन्स पण चौदा दिवसांच्या आत नव्या मालकाच्या नावावर जायला पाहिजे, एनसीबी (नो क्लेम बोनस) मात्र तुमचा, तो पुढच्या गाडीला लावून घ्या. एजंटला "दादा तुम्हीच करून घ्या" म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या असतील तर त्याच्याकडे आजच जाऊन बसा, कारण ते फॉर्म बहुतेक अजून त्याच्या ड्रॉवरमधेच आहेत.